पितळी टोपीची काठी

"माणसाने हातात काठी घेतली, आणि तिथून संस्कृती सुरू झाली," असं अॅडव्होकेट वासुदेव नागवेकर म्हणाले, आणि त्यांच्या काठीचं टोक निघून माझ्या चहात पडलं.

काठी म्हणजे पूल खेळायची स्टिक. नागवेकर आमच्या क्लबाचे सचिव. त्यांच्या मेहुण्याने ती दुबईहून आणली होती आणि तिच्या स्वागताला सचिवांनी स्वतःच्याच अध्यक्षतेखाली एक छोटा समारंभ ठेवला होता. टोक म्हणजे तिच्या अग्रावर चिकटवलेली चामड्याची टिकली, शर्टाच्या बटणाएवढी. दुबईच्या कोरड्या हवेतला डिंक सावंतवाडीत आल्याआल्या विरघळला असावा. मी चमच्याने टिकली बाहेर काढली, रुमालाला पुसली आणि सचिवांच्या स्वाधीन केली. त्यांनी ती खिशात टाकली आणि संस्कृती पुढे चालू केली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो आणि गावातल्या साप्ताहिकात दर आठवड्याला कुणाची तरी टोपी उडवत असे. त्यामुळे क्लबात माझी फार वट होती. लोक मला चहा पाजत आणि लांब बसत.

पूलचं टेबल क्लबाने विकत घेतलेलं नव्हतं. एका खाणमालकाने ते आपल्या बंगल्यासाठी मागवलं, बंगल्याच्या दारातून ते आत जाईना, तेव्हा त्यांना समाजकार्याची ओढ लागली. आमच्याही दारातून ते जाईना, पण आम्ही भिंत फोडली. टेबलाबरोबर चार स्टिका आल्या होत्या. पावसाळ्यात त्या भिंतीला टेकवून ठेवल्या, आणि गणपतीपर्यंत चारही वाकल्या. एकीला तर आम्ही 'केळं' म्हणायचो. स्टिक निवडायची आमची एक पद्धत होती. ती टेबलावर आडवी ठेवून लाटण्यासारखी फिरवायची. जी कमी उड्या मारील ती आपली. नवख्या माणसाला केळं मिळायचं आणि तो हरला की सगळे म्हणायचे, याला खेळ येत नाही.

क्लबात बायकांसाठीही एक तास होता. आम्ही पुढारलेले लोक. दुपारी तीन ते चार. त्या तासाला गावात वीज नसायची, हा निव्वळ योगायोग होता असं सचिवांनी मला दोनदा सांगितलं.

त्या अंधारात खेळायला येणाऱ्यांत मुख्य म्हणजे सत्यवती परुळेकर बाई. मुलींच्या हायस्कुलात त्यांनी जन्मभर पीटी शिकवली होती, आणि मुलांच्या शाळेत मास्तर नसले की तिथेही. त्यामुळे गावातली पन्नाशीच्या आतली बहुतेक माणसं त्यांच्या शिट्टीवर कधी ना कधी धावलेली होती. नागवेकरही. निवृत्तीनंतर बाईंना घरात बसवेना. एका दुपारी त्या क्लबात डोकावल्या, त्यांनी केळं उचललं, आणि त्या दिवसापासून रोज येऊ लागल्या. बरोबर सरकारी दवाखान्यातली नर्स फिलोमिना आणि आणखी दोघीतिघी. मीही ऑफिसातून सटकून जायचो. पाटबंधारे खात्यात दुपारी तीनला माझी उणीव कुणाला भासत नसे.

चारही वाकड्या काठ्या महिनाभर चालवून बघितल्यावर बाई म्हणाल्या की वाकडेपणा एकवेळ परवडला, पण तो रोज वेगळा असू नये. त्यांना स्वतःची काठी हवी होती.

आम्ही चितारआळीत बाबलकडे गेलो. बाबल लाकडी फळं आणि खेळणी कांतायचा. त्याच्या हातची वांगी गिऱ्हाइकांनी खरी समजून चिरायला घेतली होती असं तो सांगायचा, आणि तो बरंच काही सांगायचा. पूलची स्टिक त्याने जन्मात पाहिली नव्हती, पण ती गोष्ट त्याला अडचणीची वाटली नाही. मागचा भाग शिसवाचा, पुढचा सागाचा, एकसंध, मधे जोड नाही. पाळण्याच्या दांड्यासारखी तिच्यावर लाल-पिवळी लाख चढवली. टोकाला काहीतरी धातूचं लागतं असं मी म्हणालो तेव्हा त्याने एका मोडक्या छत्रीच्या मुठीची पितळी टोपी काढून ठोकून बसवली आणि तिच्यावर कोल्हापुरी चपलेच्या तळातून कापलेली चामड्याची चकती चिकटवली. मग काठी लांब धरून म्हणाला, "दुबयक अशी गावची नाय." दुबईत अशी मिळणार नाही, हे मात्र खरं होतं.

काठी रिक्षात मावेना. दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. एसटी स्टँडपाशी हवालदाराने रिक्षा थांबवली, काठीकडे पाहिलं, आत बाईंना पाहिलं, आणि सावधानमध्ये उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी पहिला दोष कळला. लाख दिसायला सुंदर, पण आमच्या दमट हवेत घामेजल्या बोटांवरून ती सरकेना, मधेच अडायची. बाईंनी घरी जाऊन पुढचा सगळा भाग काचपेपरने घासून काढला. बाबलला ते कळल्यावर तो आठवडाभर त्यांच्याशी बोलला नाही.

दुसरा दोष घासून जाण्यासारखा नव्हता. पूलमध्ये पांढऱ्या बॉलला मारून बाकीचे बॉल भोकात घालायचे असतात. पांढऱ्याला मधोमध न मारता जरा बाजूला मारलं की त्याला फिरकी बसते. तिला क्लबात 'साइड' म्हणत. पण फिरकी फुकट मिळत नाही. डावीकडे मारलं की पांढरा आपली रेघ सोडून थोडा उजवीकडे ढकलला जातो. किती, ते काठीच्या टोकाच्या वजनावर. टोक हलकं असलं तर ते स्वतः बाजूला होतं आणि बॉलला जाऊ देतं. टोक जड असलं तर ते हटत नाही, मग बॉललाच हटावं लागतं. नागवेकरांची दुबईची काठी पुढे सडपातळ, टोकाला हाडासारखी हलकी नळी. आमच्या काठीच्या टोकाला अख्खी छत्री.

मी म्हणालो, बाई, ही टोपी काढून दुसरं काही हलकं बसवूया.

"रवांदे," बाई म्हणाल्या. "वर्गात एक तरी पोर असा असता, जा कवायतीत कायम उजवीकडे सरकता. तेका काढूचा नाय. आपण तेच्या हिशोबान रांग धरूची."

आणि त्यांनी रांग धरली. डावी साइड द्यायची तर नेम एका काजूएवढा डावीकडे. उजवी द्यायची तर एक काजू उजवीकडे. लांबचा बॉल असला तर दोन काजू. दिवाळीपर्यंत त्या न बघता काजू मोजू लागल्या.

अशात एके दिवशी टेबलाचं हिरवं कापड फाटलेलं सापडलं. चांगली बोटभर चीर. ती टेबलाच्या ज्या कोपऱ्यात होती तिथे नागवेकर वकील आदल्या रात्री पांढऱ्या बॉलला दुसऱ्या बॉलवरून उडी मारायला शिकवत होते, असं काही लोक म्हणत. सचिवांनी चौकशी केली. चौकशी समितीत तेच होते. संध्याकाळी फळ्यावर सूचना लागली: महिला सभासदांच्या बांगड्यांमुळे कापडास इजा झाल्याने महिलांचा तास बंद करण्यात येत आहे.

परुळेकर बाई हातात बांगडी घालत नसत. घड्याळ घालत, आणि गळ्यात शिट्टी.

त्या संध्याकाळी सहाला आल्या, म्हणजे पुरुषांच्या वेळेला. हातात लाल-पिवळी काठी. फळ्यासमोर उभं राहून त्यांनी सूचना मोठ्याने वाचली, मैदानाच्या पलीकडच्या टोकाला ऐकू जाईल अशी. पत्ते खेळणारे तीन सभासद आपण का उभे राहिलो हे न कळून उभे राहिले.

नागवेकर शुद्ध मराठीत बोलू लागले. समितीचा निर्णय व्यक्तिशः कुणाविरुद्ध नाही, कापड ही सार्वजनिक मालमत्ता आहे, भगिनींनी गैरसमज करून घेऊ नये, कॅरम बोर्ड त्यांच्यासाठी सदैव खुला आहे. बाईंनी ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या,

"वासू, माज्यावांगडा एक गेम खेळ. मी हरलंय तर आमच्यातली एकय बाई ह्या खोलीत परत पाय ठेवूची नाय. जिंकलंय तर तुमची जी वेळ, तीच आमची. दिवे लागल्यावरची."

नागवेकरांनी घटनेत अशी तरतूद नसल्याचं सांगितलं. बाई म्हणाल्या, मग घाबरतोस असं फळ्यावर लिही, मी सही करते. कोपऱ्यातून कुणीतरी हसलं. नागवेकर क्लबात कधी हरत नसत, कारण त्यांना हरवणाऱ्याचं नाव पुढच्या कार्यकारिणीत दिसत नसे. त्यांनी चष्मा पुसला आणि शनिवार संध्याकाळ ठरवली. पंच म्हणून मला नेमलं. दोन्ही बाजूंना मी सारखाच नालायक वाटत होतो.

शनिवारी क्लब भरला. बायकांसाठी खुर्च्या शिल्लक नाहीत असं शिपायाने सांगितलं. फिलोमिनाला ते अपेक्षित होतं. तिने दवाखान्यासमोरच्या मंडपवाल्याकडून प्लास्टिकच्या खुर्च्या आणवल्या, टेबलाच्या अगदी जवळ मांडल्या आणि पुरुषांना सांगितलं की मागे उभे राहा, चालेल आम्हाला.

खेळ सोपा. एकाचे सात बॉल सलग रंगाचे, दुसऱ्याचे सात पट्ट्यांचे. आपले सात घालून जो काळा घालील तो जिंकला. काळा आधी गेला, किंवा काळ्याबरोबर पांढराही भोकात गेला, तर हरला.

नागवेकरांनी काठीची पेटी उघडली, दोन तुकडे फिरवून जोडले, टिकली पक्की चिकटली आहे ना ते बघितलं, मुठीवरचा पांढरा दोरा अंगठ्याने कुरवाळला. ते त्रिकोणात रचलेले बॉल फोडायला वाकले आणि चांगले तीन बॉल घालून गेले. वकील वाईट खेळत नसत. फक्त साधं मारणं त्यांना शोभत नसे. समोरचा बॉल नाकासमोर भोकात जाणारा असला तरी ते पांढऱ्याला साइड देत. मग बॉल गेल्यावर पांढरा फिरत फिरत दोन भिंतींना लागून यायचा आणि प्रेक्षक 'वा' म्हणायचे. कोर्टातही त्यांचा युक्तिवाद याच मार्गाने जायचा, असं पक्षकार सांगत.

बाईंची पाळी आली. त्या डावीकडे नेम धरत तेव्हा मागचे सभासद एकमेकांना कोपरखळ्या मारत, की बघ, म्हातारीला दिसत नाही. मग काठी लागायची, पांढरा आपली रेघ सोडून एक काजू उजवीकडे सरायचा, आणि पट्ट्याचा बॉल मुकाट्याने भोकात पडायचा. असं एकदा झालं तेव्हा नशीब म्हणाले. तिसऱ्यांदा झालं तेव्हा कोपरखळ्या थांबल्या. बाईंचे पाच बॉल गेले. नागवेकरांचे अजून तीन शिल्लक होते.

तेव्हा नागवेकरांनी हात वर केला आणि हरकत नोंदवली.

ते म्हणाले की चेंडू जिकडे मारला जातो तिकडे न जाता भोकात जातो, हे निसर्गनियमांविरुद्ध आहे. या काठीत काहीतरी आहे. टोकाला जे पितळ आहे ते प्रमाणित नाही, आत पारा भरला असण्याची शक्यता नाकारता येत नाही, आणि अशा उपकरणाने मिळवलेला विजय या क्लबाच्या परंपरेला काळिमा ठरेल. सभासदांतून हुंकार उठले. मी पंच म्हणून सांगितलं की छत्रीची टोपी लावू नये असा नियम माझ्या ऐकण्यात नाही. ते म्हणाले, पंचांनी विनोद करू नये.

बाई इतका वेळ काठी जमिनीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी ती उचलली आणि आडवी करून नागवेकरांपुढे धरली.

"काठयेत जादू असा म्हणतंस? मगे घे. तुझी माका दी."

नागवेकरांना हे नको होतं हे दिसत होतं. पण आत्ताच ते या काठीला अजिंक्य ठरवून बसले होते. नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं. मागून एक जण म्हणाला, "घेवा साहेब, घेवा, पाऱ्याची काठी." फिलोमिना म्हणाली, "वकीलसाहेब, सांभाळून हां, बांगड्या लागतील."

काठ्या बदलल्या.

सगळ्या खोलीत हे फक्त मला आणि बाईंना माहीत होतं: ज्या हाताला इतके महिने प्रत्येक बॉलला एक काजू सोडायची सवय लागली, त्या हातात आता सरळ जाणारी काठी होती. सोडलेला काजू आता तसाच राहणार होता आणि बॉल भोकाच्या काठावरून परत येणार होता. आणि हरलं तर गावातल्या बायकांना या खोलीत कायमची बंदी. मी काठीच्या टोकाला लावायचा खडू द्यायच्या मिषाने जवळ गेलो आणि म्हणालो, बाई, ही काठी हटते.

"माका ठाऊक हा," बाई म्हणाल्या. "तू पंच असस. थंय उभो रव."

आधी नागवेकरांची पाळी होती. पहिला बॉल अगदी भोकाच्या तोंडाशी होता. फुंकर मारली असती तरी गेला असता. त्यांनी सवयीने डावी साइड दिली. पितळ हटलं नाही. पांढरा उजवीकडे सरला, त्या बॉलला न शिवता शेजारून गेला आणि सगळ्या टेबलाची प्रदक्षिणा करून परत आला.

नागवेकरांनी काठीचं टोक डोळ्याजवळ धरून पाहिलं.

बाई वाकल्या. मी त्यांच्या मागच्या बाजूला उभा होतो, म्हणून मला दिसलं. त्यांनी डावीकडे नेम धरला नाही, उजवीकडेही नाही. दुबईच्या काठीचं टोक पांढऱ्याच्या बरोबर मधोमध ठेवलं, दगडाला गंध लावावं तसं. मारलं. बॉल गेला. पांढरा थोडा पुढे जाऊन नको तिथे थांबला, पुढचा बॉल अवघड झाला. मागून कुणीतरी कुजबुजलं, साइड द्यायला हवी होती, एवढंही येत नाही. पुढचा त्यांचा चुकला.

नागवेकर परत आले. या वेळी त्यांनी उजवी साइड दिली, बहुधा काठीला धडा शिकवायला. पांढरा डावीकडे सरला आणि बाईंचाच उरलेला पट्ट्याचा बॉल घेऊन भोकात गेला. दोन्ही गेले. बाईंचे सात झाले. प्लास्टिकच्या खुर्च्यांमध्ये फिलोमिनाने हातातली पर्स दुसऱ्या बाईच्या मांडीवर ठेवली, टाळ्या वाजवायला हात मोकळे हवे म्हणून.

उरला काळा. तो लांबच्या कोपऱ्याच्या भोकासमोर. भोकात गेलेला पांढरा आमच्या नियमाने ठरलेल्या ठिपक्यावरच परत ठेवायचा, आणि तो ठिपका काळ्याच्या अगदी सरळ रेषेत. सरळ मारावं तर काळ्याच्या मागोमाग पांढराही भोकात जाईल आणि खेळ हरला. सगळ्या पुरुषांना एकदम खेळ कळू लागला. साइड द्या बाई, डावी द्या, नाही उजवी द्या. नागवेकर लाल-पिवळ्या काठीला टेकून उभे होते आणि इतका वेळ त्यांच्या लक्षात आलं नव्हतं की घासलेल्या भागाच्या मागे लाख तशीच होती आणि ती त्यांच्या घामेजल्या तळहाताला चिकटली होती.

बाईंनी टोक पांढऱ्याच्या मधोमध ठेवलं. मग तसंच सरळ खाली, अगदी थोडं उतरवलं. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. मारल्याचा आवाज सुद्धा छोटा झाला, वहीवर पेन्सिल ठेवल्यासारखा. काळा गेला. पांढरा त्याच्या जागेवर जाऊन उभा राहिला, जसा काही त्याला कुणी 'थांब' म्हटलं होतं.

फिलोमिनाच्या टाळ्या सगळ्यांत आधी पडल्या. बाकीच्या बायकांनी साथ दिली. पुरुषांनी थोडा वेळ एकमेकांकडे पाहिलं आणि मग तेही वाजवू लागले, कारण आपण नेहमी बाईंच्याच बाजूने होतो हे त्यांना आठवलं.

मी बाईंना हळूच विचारलं, काठी बदलायचं धाडस कसं केलंत. त्या रुमालाने दुबईच्या काठीवरचा खडू पुसत होत्या.

"कसला धाडस?" त्या म्हणाल्या. "मधोमध मारल्यार काठी कोणाची तां बॉलाक कळणा नाय. वाकडा मारतंस तेवाच काठी बोलता. आणि वासू आठवीत असल्यापासून सरळ रांगेत कधी उभो रवलो नाय, ह्या काय माका दुबयन सांगूक होया?" मग काठी न्याहाळून म्हणाल्या, "काठी बरी असा. फुकट हेच्याकडे पडली."

नागवेकर हरले होते, पण ते सचिव होते. त्यांनी टेबलाच्या कडेशी, खोलीच्या बरोबर मध्यभागी जागा घेतली आणि घसा साफ केला. आजचा दिवस, ते म्हणाले, क्लबाच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिला जाईल. स्त्रीपुरुष समतेची पताका या सिंधुदुर्गात आपल्या क्लबाने, म्हणजे कार्यकारिणीने, म्हणजे पर्यायाने आपण फडकवली. महिलांसाठी दिवे लागल्यावरची वेळ खुली करण्याचा विचार आपल्या मनात कितीतरी दिवस घोळत होता, आज केवळ निमित्त मिळालं. गुरूने शिष्याला हरवावं यासारखा आनंद शिष्याला नाही. आणि शेवटी, या ऐतिहासिक क्षणी, परुळेकर बाईंनी दोन शब्द बोलावेत, अशी त्यांनी सर्वांच्या वतीने विनंती केली.

बाई एव्हाना बॉल त्रिकोणात लावत होत्या. पुढचा गेम फिलोमिनाशी होता. त्यांनी मान वर केली.

"वासू, जरा बाजूक हो," बाई म्हणाल्या. "पंख्याचो वारो अडता."